लेहच्या थंडीत गाडीची आंघोळ

माझं माहेर कोल्हापूरचं. रविवारी सकाळी आमच्या दादांचा एक ठरलेला कार्यक्रम असे. अंगणातल्या नळाला पाइप लावायचा, लेंगा गुडघ्यापर्यंत दुमडायचा आणि तासभर गाडी धूत राहायचं. पाणी फाटकाखालून रस्त्यावर, रस्त्यावरून गटारात! आई कधी बोललीच तर म्हणत, "पंचगंगा वाहतेय ना अजून?" मी त्याच घरात वाढलेली. त्यामुळे स्वच्छ गाडी म्हणजे भरपूर पाणी, हे गणित डोक्यात पक्कं बसलेलं.

सासर मिळालं लातूरचं. तिथे सासूबाईंनी पहिल्याच आठवड्यात धडा दिला. तांदूळ धुतलेलं पाणी भाजीला, भाजी धुतलेलं तुळशीला, अंगण पुसायला कपड्यांचं शेवटचं पाणी. २०१६ च्या एप्रिलमध्ये तर मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आलं, ते तुम्हांला आठवत असेल. पहिल्या गाडीत पाच लाख लिटर! "तुझ्या माहेरकडून आहेर आलाय गं," असं सासूबाई म्हणाल्या होत्या, आणि आम्ही दोघी हसलो होतो. पण खरं सांगते, एवढं बघूनही गाडीच्या बाबतीत माझी जुनी खोड गेली नव्हती. ती गेली लेहला, आणि ज्या रीतीनं गेली ते आठवलं की अजून मान खाली जाते.

आमचे हे बँकेत. २०२२ च्या ऑगस्टमध्ये त्यांची लेहला बदली झाली. "एकटा जातो, दोन वर्षांचा तर प्रश्न," असं म्हणत होते. पण मुलगी सहा वर्षांची, तिला बाबांशिवाय चैन पडायचं नाही. आणि माझं बी. ए. इतिहास घेऊन झालेलं. पुस्तकातलं लडाख डोळ्यांनी बघायला मिळणार, ते कशाला सोडू? सप्टेंबरमध्ये आमची लाल मारुती ट्रकवर चढवून जम्मूला पाठवली आणि तिथून पुढे श्रीनगर, सोनमर्ग, झोजी ला, द्रास, कारगिल असे चाललो. (ला म्हणजे खिंड.) झोजी लाच्या चढावर समोरच्या ट्रकच्या चाकाखालून एक खडा उडून पुढच्या काचेला लागला. मुगाच्या डाळीएवढी टिचकी पडली. "काही होत नाही," असं हे म्हणाले. ही टिचकी लक्षात ठेवा.

लेह समुद्रसपाटीपासून साडेअकरा हजार फुटांवर आहे. पहिले दोन दिवस तर नुसतं झोपून राहायचं, जिना चढला तरी धाप लागते. आपल्याला वाटतं, एवढं हिमालयात आहे म्हणजे पाण्याला काय तोटा! पण पावसाळी ढग पर्वतरांगांच्या अलीकडेच रिकामे होतात. लेहला वर्षाकाठी पाऊस आणि बर्फ मिळून पडतं जेमतेम १०० मिलिमीटर. हिरवं दिसतं ते फक्त ओढ्यांच्या काठी. तिथे पॉप्लर आणि वाळुंजाची झाडं, जवाची शेतं. बाकी सगळे डोंगर खारकेच्या रंगाचे. धूळ तर अशी, की आपल्या घरातल्या मैद्याला लाजवील. दारं-खिडक्या बंद ठेवा, तरी संध्याकाळी टेबलावर बोटानं नाव लिहिता येतं. गाडीचं काय होत असेल, ते समजून घ्या.

आम्ही स्कारा भागात घर घेतलं. वर घरमालकांचं कुटुंब, खाली आम्ही. घरमालकीण माझ्याहून चार वर्षांनी मोठी, तिला मी आचे-ले म्हणायची. आचे म्हणजे ताई, आणि 'ले' म्हणजे आपला 'जी'. तिच्या सासूबाई म्हणजे आबी-ले, आजी. पंचाहत्तरीच्या घरात, पण पाठीचा कणा ताठ. सकाळी उन्हं आली की भिंतीशी बसायच्या. उजव्या हातात मणीचक्र. हा प्रार्थनेचा छोटा डबा, दांडीवर गरगर फिरतो. लडाखी बाई सगळ्यांना 'जुले' म्हणते. नमस्कारही जुले, निरोपही जुले, आभारही जुले. माझी तर भाषेची फार सोय झाली! बाकीचं हिंदीवर भागायचं.

मी तिथल्या एका शाळेत अर्धवेळ शिकवू लागले. पण डिसेंबर उजाडला की शाळांना लांब सुट्टी लागते, ती थेट फेब्रुवारी संपेपर्यंत. सगळं गाव जणू आत आत सरकतं. उन्हाळ्यात गजबजलेली हॉटेलं कुलपात जातात. घरातली मंडळी एकाच खोलीत, बुखारीभोवती. बुखारी म्हणजे पत्र्याची शेगडी, तिचा धूर नळकांड्यातून बाहेर काढलेला. रात्री पारा शून्याखाली पंधरा, कधी त्याहून खाली. धुतलेले कपडे दोरीवर घातले की दहा मिनिटांत पापडासारखे कडक. ह्यांची पँट मी भिंतीला उभी करून ठेवली होती, पडली नाही! खोबरेल तेलाची बाटली बुखारीजवळच राहायची, दुसरीकडे ठेवली तर दगड.

आणि पाणी? नोव्हेंबरअखेर नळ बंद. नळांत पाणी राहिलं तर गोठून फुगतं आणि नळच फोडतं, म्हणून नळ रिकामे करून ठेवायचे. मग टँकर, नाहीतर हातपंप. आमच्या गल्लीत टँकर यायचा त्या दिवशी सगळ्या बायका पिंपं, कॅन घेऊन उभ्या. आमच्या वाट्याला दोन पिंपं यायची आणि ती तीन दिवस पुरवायची. रात्री पिंपावर गोधडी घालायची, तरी सकाळी वर बर्फाचं झाकण. ते फोडायला मी पोळपाटाशेजारी लाटण्याऐवजी मुसळ ठेवलं होतं.

आता माझ्या पराक्रमाकडे येते.

डिसेंबरमधला रविवार. ह्यांचे वरिष्ठ दुसऱ्या दिवशी विमानानं यायचे होते, आणि त्यांना आणायला आमचीच गाडी जायची होती. गाडी लाल आहे हे कोणी शपथेवर सांगितलं तरी खरं वाटू नये, अशी तिची दशा. माझ्यातली कोल्हापूरकरीण जागी झाली. पिंपांतलं पाणी काढून गॅसवर दोन बादल्या चांगलं कढत केलं. सकाळचे नऊ वाजलेले, अंगण सावलीत. पहिला मग मी ऐटीत पुढच्या काचेवर ओतला.

'कट्' असा आवाज झाला. झोजी लाच्या त्या टिचकीपासून एक रेघ निघाली आणि माझ्या डोळ्यांदेखत काचेच्या या कानापासून त्या कानापर्यंत गेली. गोठलेल्या काचेवर गरम पाणी पडलं की वरचा थर एकदम प्रसरण पावतो, आतला पावत नाही. हे मी आता सांगते, तेव्हा नुसती बघत राहिले. तरीही थांबले का? नाही! बादल्या भरलेल्या होत्या ना. उरलेलं सगळं पाणी टपावर, दारांवर ओतलं. टपावरून खाली येता येता त्याची लोणची झाली. वायपर काचेला चिकटले, चारही दारं चौकटीला चिकटली, आणि बाकीचं पाणी नेहमीप्रमाणे फाटकाखालून गल्लीत गेलं. हे बाहेर आले, काच बघितली, आणि काहीच बोलले नाहीत. ते बोलले असते तर बरं वाटलं असतं.

काचेचं दुःख दुपारपर्यंत होतं. चार वाजता आबी-ले मंदिराकडून परत येत होत्या. गल्लीत माझं पाणी एव्हाना आरशासारखं गोठलं होतं. वर धूळ बसलेली, त्यामुळे ते दिसलंही नसेल. मी खिडकीतून त्यांना येताना पाहिलं, पडताना पाहिलं नाही. फक्त आवाज ऐकला.

उजवं मनगट मोडलं होतं. सहा आठवड्यांचं प्लास्टर.

मैत्रिणींनो, कोणी मला एक शब्द बोललं नाही. आचे-ले बुखारीतली राख घमेल्यात घेऊन आली आणि फाटकापासून पार वळणापर्यंत पसरत गेली. मी पुढे होऊन घमेलं घेऊ लागले, तर "रहने दो," एवढंच म्हणाली. राखेनं पाय घसरत नाही. त्या रात्री मला झोप लागली नाही. आमच्या लातूरच्या घरी सासूबाई न्हाणीघराचा उंबरा कोरडा आहे की नाही ते रात्री उठून बघतात, ते आठवत राहिलं. सकाळी त्यांनाच फोन लावला आणि सगळं सांगितलं. त्या थोडा वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, "आधी वर जा. त्यांच्या पाया पड. गाडीचं मग बघू."

मी गेले. आबी-ले स्वयंपाकघरात शेगडीजवळ बसल्या होत्या. लडाखी स्वयंपाकघर तुम्ही बघायलाच हवं. भिंतभर फळ्या, आणि त्यांवर तांब्या-पितळेची भांडी ओळीनं, आपल्याकडे पूर्वी मांडणीवर असत तशी, पण कितीतरी जास्त. मणीचक्र त्यांच्या मांडीवर नुसतंच पडलेलं. ते उजव्या हातानंच फिरवायची त्यांची रीत. मी वाकले तर त्यांनी डाव्या हातानं माझं डोकं धरलं आणि विचारलं, "कितना पानी था?"

"दोन बादल्या," मी म्हटलं.

त्यांनी सुनेकडे बघून लडाखीत काहीतरी म्हटलं. आचे-लेनं सांगितलं, "म्हणतात, त्यांच्या लहानपणी ओढ्यातला बर्फ कुऱ्हाडीनं फोडून पाठीवरून पाणी आणायचे. दोन बादल्यांत माणसं आणि याक मिळून एक दिवस निघायचा." मग मला लोण्याचा खारट चहा दिला. हा गुरगुर चहा मला कधी आवडला नव्हता. त्या दिवशी तीन पेले प्यायले. तिथे पेला रिकामा केला की पुन्हा भरतात, आणि नको म्हणायला मला तोंड नव्हतं.

तिथे बसल्या बसल्याच माझ्या डोक्यात उजेड पडला. आचे-ले भांडी पुसत होती. एक फडकं चाळलेल्या राखेचं, एक ओलं पिळलेलं, एक कोरडं. वाटीभर पाण्यात आठ-दहा हंडे लखलखीत! गाडी तरी काय, मोठा हंडाच की. सासूबाईंना पुन्हा फोन केला, तर त्या म्हणाल्या, "अगं, तांब्याभर पाण्यात मी चार पोरांची तोंडं पुसलीत. फडक्याची घडी फिरवायची. मळलेली बाजू पाण्यात बुडवायची नाही, की पाणी शेवटपर्यंत पाणी राहतं."

त्यानंतर दोन हिवाळे मी गाडी कशी धुतली ते सांगते. तुम्ही महाबळेश्वरला असा की मनालीला, की तुमची लेक कॅनडात असो, उपयोगी पडेल. आणि थंडी नसली पण पाणी नसलं, तरी पडेल.

वेळ दुपारी बारा ते दोन, आणि गाडी उन्हात. लेहचं ऊन फार कडक असतं. हवा शून्याच्या आसपास असली तरी उन्हातला पत्रा हाताला कोमट लागतो. ज्या दिवशी ऊन नाही, त्या दिवशी गाडी धुवायचीच नाही. आधी मऊ केसांच्या ब्रशानं सुटी धूळ हलकेच झटकायची. कोरड्या फडक्यानं घासून पुसू नका. ही धूळ म्हणजे बारीक वाळूच, रंगावर ओरखडे उठतात. मग तीन लिटर पाणी, हाताला जेमतेम कोमट लागेल एवढंच. काचेवर बर्फ असेल तर पाणी नकोच. तो प्लॅस्टिकच्या पट्टीनं खरवडा, नाहीतर गाडी चालू करून आतली ऊब काचेवर सोडा. साबण घालू नका. साबण घातला की तो काढायला दुप्पट पाणी लागतं. चिकट डाग असेल तिथे ओलं फडकं दोन मिनिटं नुसतं ठेवून द्या, डाग आपोआप मऊ होतो.

फडकी भरपूर हवीत. माझ्याकडे सासूबाईंच्या जुन्या सुती लुगड्याची आठ होती. एकेक फडकं चार पदरी दुमडलं की दोन्हीकडून मिळून आठ बाजू मिळतात. एक बाजू मळली की घडी उलटायची. सगळ्या मळल्या की फडकं बाजूला टाकायचं, नवं घ्यायचं. पाण्यात स्वच्छ फडकंच बुडणार. टपापासून सुरुवात, मग काचा, मग दारं, चाकं सगळ्यांत शेवटी. आणि मुख्य म्हणजे हातभर जागा ओली करायची, की लगेच दुसऱ्या हातानं कोरडी करायची. सगळी गाडी ओली करून मग पुसू म्हणाल, तर तोवर बर्फ झालेला असेल. लोकरी हातमोज्यांवर भांडी घासायचे रबरी मोजे चढवले की बोटं वाचतात.

दारांच्या कडेचं रबर अगदी कोरडं करून त्यावर ग्लिसरीनचं बोट फिरवा, दारं चिकटत नाहीत. माझ्या फुटलेल्या ओठांना आणि गाडीला एकच बाटली पुरायची! कुलपाच्या भोकात पाणी जाऊ देऊ नका. वायपरच्या टाकीत नुसतं पाणी ठेवू नका, गोठून टाकी फुटते. तिथे न गोठणारं द्रावण मिळतं, ते भरा, नाहीतर टाकी रिकामी बरी. रात्री वायपर उभे करून ठेवा. धुतल्यावर गाडी थोडी फिरवून आणा, चारदा ब्रेक दाबा, म्हणजे आतला ओलावा जातो. आणि रात्री हँडब्रेक ओढू नका, तो ओढलेलाच गोठतो. गाडी गिअरमध्ये ठेवून चाकाखाली दगड लावा. हे सगळं मला तिथल्या टॅक्सीवाल्यांनी शिकवलं. ती मंडळी फार सज्जन, फक्त माझ्या काचेकडे बघून हसायची. काच मागवेपर्यंत झोजी ला बंद झाली, त्यामुळे पट्टी चिकटवलेली ती काच सगळ्या गावाच्या ओळखीची झाली होती.

उरलेलं पाणी किती, तर गढूळ दोन-तीन मग. ते मी गल्लीत कधीच टाकलं नाही. अंगणातल्या वाळुंजाच्या बुंध्याशी आळं होतं, त्यात ओतायची. तिथेच गोठायचं आणि एप्रिलमध्ये वितळून झाडाच्या मुळाशी जायचं. ही युक्तीही माझी नव्हे. फेब्रुवारीत आम्ही फ्यांग गावाकडे बर्फाचा स्तूप बघायला गेलो होतो. सोनम वांगचुक यांनी २०१३-१४ च्या हिवाळ्यात हा प्रयोग पहिल्यांदा केला. उंचावरून नळानं आणलेलं पाणी रात्री कारंज्यासारखं उडवायचं. ते खाली पडता पडता गोठतं आणि बर्फाचा शंकू उभा राहतो. शंकूला ऊन कमी लागतं, म्हणून तो उशिरा वितळतो. इकडे पेरणीला एप्रिल-मेमध्ये पाणी हवं असतं आणि वरच्या हिमनद्या तेव्हा वितळलेल्या नसतात, त्या दिवसांत हा उपयोगी पडतो. त्यांच्याही आधी चेवांग नोरफेल या इंजिनिअरांनी दगडी बांध घालून कृत्रिम हिमनद्या केल्या होत्या. आणि गावागावात छुरपोन असतो, म्हणजे पाण्याचा कारभारी. कोणाच्या शेतात किती वेळ पाट सोडायचा ते तो ठरवतो, आणि त्याचा शब्द मानतात. मी त्या पांढऱ्याशुभ्र स्तूपाखाली उभी राहून वर बघत होते. इतकं सुंदर गोठलेलं पाणी! आणि मला आमच्या फाटकासमोरचा तो आरसाच दिसत होता.

आबी-लेंचं प्लास्टर निघालं, पण मनगट पहिल्यासारखं वळेना. मणीचक्र फिरवताना मध्येच थांबायच्या आणि हात चोळायच्या. मी रोज दुपारी त्यांच्या मनगटाला कोमट तेल लावायला जात असे. पहिले काही दिवस त्या नको नको म्हणायच्या. मग माझी वाट बघू लागल्या. रविवारी मी गाडी पुसायला लागले की भिंतीशी येऊन बसायच्या. मी मग पाण्यात बुडवला की मोठ्यानं मोजायच्या. आधी मला वाटलं, चेष्टा करतात. मग कळलं, खरोखरच मोजताहेत.

दुसऱ्या हिवाळ्यात, जानेवारी २०२४ मध्ये, स्पितुकच्या गोम्पाचा गुस्तोर उत्सव होता. भिक्षू मोठाले मुखवटे घालून नाचतात. सिंधूकाठच्या टेकडीवर तो गोम्पा, लेहपासून आठेक किलोमीटर. आदल्या दिवशी आचे-लेनं विचारलं, "आबी-लेंना तुमच्या गाडीतून न्याल का? बर्फातून त्यांना चालवत नाही." मी दुपारी बारा वाजता तीन लिटर पाणी घेऊन बसले. काच एव्हाना नवी झाली होती. आबी-लेंनी सहा मग मोजले आणि लडाखीत काहीतरी पुटपुटल्या. आचे-लेला विचारलं तर ती हसली. "म्हणतात, अजून एक कमी करता येईल."

सकाळी त्या निघाल्या. अंगात ठेवणीतला गोन्चा, गळ्यात पोवळ्या-पिरोजांची माळ. मी दार उघडलं, ते एका झटक्यात उघडलं. त्या आत बसल्या नाहीत. भिंतीला धरून वाकल्या, आणि माझ्या वाळत घातलेल्या फडक्यांतलं एक घेऊन आधी एका बुटाचा तळ पुसला, मग दुसऱ्याचा. घडी उलटवायला विसरल्या नाहीत.